बसवलेलं रीडिंग

गावंडे सरांचा फोन आला तेव्हा मी जठारपेठेतल्या माझ्या क्लासमध्ये फळा पुसत होते. पडद्यावर त्यांचं नाव उमटलं. त्यांचा नंबर मी कधी काढून टाकला नव्हता. हा माणूस कधीतरी फोन करील आणि तेव्हा तो ओळखू यायला हवा, एवढ्यासाठीच ठेवला होता.

"पौर्णिमा, गावंडे बोलतो, अमरावतीहून. ओळखलं का?"

"ओळखलं, सर."

"बरी आहेस ना? अकोल्यातच आहेस अजून? बरं, ते आपलं फ्लॅशचं काम होतं ना, आभासी प्रयोगशाळेचं. ते काही दिसून नाही राहिलं."

'आपलं' हा शब्द त्यांच्या तोंडून अगदी सहज आला.

"काय दिसतं, सर?"

"काय दिसते! नुसती करडी चौकट. अन् मोबाइलवर तर तेही नाही."

हे मला तीन वर्षांपासून माहीत होतं. फ्लॅश बंद झालं त्या जानेवारीत मी मुद्दाम त्यांच्या कॉलेजचं संकेतस्थळ उघडून पाहिलं होतं. पूर्वी ब्राउझरला हलती चित्रं स्वतःहून दाखवता येत नसत. त्यासाठी एक वेगळं प्लगइन बसवावं लागे, आणि फ्लॅश हे त्यातलं सगळ्यांत चालणारं. बनवणाऱ्यांनीच ते मोडीत काढलं, आणि जगभरातले खेळ, धडे, प्रयोग रातोरात करडे झाले. त्यांत माझा लोलक होता, माझं भिंग होतं, विजेचा रोध मोजायचा माझा मीटर-ब्रिज होता. मी त्या करड्या चौकटी एकेक करून उघडल्या आणि मला आनंद झाला. प्रयोग माझे होते, पण प्रत्येकाच्या सुरुवातीला नाव येत असे ते डॉ. श्याम गावंडे, पदार्थविज्ञान विभागप्रमुख, यांचं.

एम.एस्सी. झाल्यावर मी त्यांच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले होते. कॉलेजात उपकरणं कमी आणि मुलं जास्त, म्हणून मी संगणकावर प्रयोग तयार करायला घेतले. गावंडे सर रोज मागे येऊन उभे राहायचे. "भारी आहे हे," म्हणायचे. मग एक दिवस म्हणाले, "तुह्या नावानं टाकलं तर कोणी पाहणार नाही पौर्णिमा. तासिकावाल्या बाईचं काम म्हणून कोपऱ्यात पडून राहीन. माह्या नावानं जाऊ दे. तू परमनंट झाली का बदलून टाकू."

मी मान डोलावली. त्यांना राज्यपातळीवरचा पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रात फोटो आला. पुढे कायम जागा निघाली तेव्हा मुलाखतीला विषयतज्ज्ञ म्हणून तेच बसले होते. बाकीच्यांनी मला दोनचार प्रश्न विचारले. शेवटी सरांनी चष्मा काढला आणि शुद्ध, पुस्तकी मराठीत विचारलं, "तायडे बाई, आमच्या विभागात आभासी प्रयोगशाळा आहे. आपल्याला संगणकावर काम करता येतं का?"

मी म्हटलं, "येतं." यापलीकडे त्या खोलीत मला काही बोलता आलं नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. जाणत्या माणसांनी भरलेल्या खोलीत गावंडे सरांना एक साधा प्रश्न विचारला जावा आणि त्यांच्याकडे उत्तर नसावं.

"सर, काम काय आहे?" मी फोनवर विचारलं.

"एक समिती येऊन राहिली. अमरावती विभागातल्या सगळ्या कॉलेजांसाठी आभासी प्रयोगशाळेचं केंद्र काढायचं म्हणतात. आपल्याकडे झालं तर मी संचालक. पुढच्या वर्षी रिटायर होतो, मग हेच. पण त्याईची अट आहे, मोबाइलवर चाललं पाहिजे, काही बसवायची गरज पडली नाही पाहिजे. तुह्याकडे मूळ फाइली असतीनच."

"आहेत."

"मग?"

"करून देते."

पलीकडून जपून, "अन् नाव?"

"तुमचंच राहू द्या, सर."

"तू मोठ्या मनाची आहेस, पौर्णिमा," ते म्हणाले. फोन ठेवल्यावर मी उरलेला फळा पुसला.

त्या रविवारी अमरावतीला गेले. प्रयोगशाळेत देवमनभाऊ होते. परिचर म्हणून लागले तेव्हापासून ते त्याच स्टुलावर बसतात. मला पाहून ते उठले.

"म्याडम! तुमी? अन् बारीक झाल्या लय. अकोल्यात जेवाले भेटत नाई का?"

"भेटतं. फ्लॅश दाखवा तुमचं."

"तुमचंच ते," देवमनभाऊ हळूच म्हणाले आणि कोपऱ्यातल्या संगणकावरचं फडकं काढलं. त्याला इंटरनेटची तार नव्हती. त्यांनी तो सुरू केला आणि आधी खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ उघडून तारीख मागे नेली. दोन हजार वीस, मार्च महिना. मग ब्राउझर उघडला आणि माझा लोलक चालायला लागला.

"हे कोणी शिकवलं?"

"एका पोरानं सांगतलं. तारीख मांगं नेली का चालते म्हने. म्हून मी रोज सकाळी आलो का याले कोरोनात नेऊन टाकतो." ते हसले. "समद्या दुनियेचा कोरोना गेला, याचाच नाई गेला."

फ्लॅशच्या आत, अमुक तारखेनंतर चालायचं नाही, असं लिहिलेलं होतं. घड्याळाला फसवलं की तेही फसायचं. तीन वर्षं सगळा विभाग या एका फसवलेल्या घड्याळावर चालला होता, आणि विभागप्रमुखांना आत्ताआत्तापर्यंत वाटत होतं की आभासी प्रयोगशाळा सुरू आहे.

मी माउसने लोलकाचा गोळा धरला, दोरी जवळजवळ आडवी होईपर्यंत ओढला आणि सोडला. वीस आंदोलनं झाली. खाली गुरुत्वत्वरणाचं उत्तर आलं: नऊशे ऐंशी, पुस्तकात असतं तेच. थोडासा ओढून सोडला. नऊशे ऐंशी.

हे मीच केलं होतं, सरांच्या सांगण्यावरून. माझ्या पहिल्या लोलकात हवेचा विरोध होता, वेळ मोजताना होणारा हाताचा उशीर होता, आणि गोळा फार ओढला तर प्रत्येक आंदोलनाला जास्त वेळ लागत होता. खऱ्या लोलकाचं तसंच असतं. पाठ्यपुस्तकातलं सूत्र कोन लहान असेपर्यंतच खरं. सरांनी पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "पोराचं उत्तर चुकलं तर मार्क कोण देईन? उत्तर बसलं पाह्यजे पौर्णिमा. लोलक कसाबी हलो."

आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या परीक्षेत रीडिंग घेत नाहीत, बसवतात. आधी उत्तर लिहायचं, मग उलटं गणित करून तक्त्यात वेळा भरायच्या, एखादी जराशी इकडेतिकडे करायची, म्हणजे खरी वाटते. मुलांना हे सीनियर शिकवतात आणि सीनियरना सर. गावंडे सर यात सगळ्यांत तरबेज होते. मी कोनाचा भाग काढून टाकला, कोन मोजायची पट्टीही काढली. तेव्हापासून तो लोलक कसाही हलला तरी उत्तर बसायचं.

अकोल्याला परतताना मूर्तिजापूरपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते. कपाशी फुलावर आली होती. तिथून पुढे मात्र काय करायचं ते मला स्पष्ट झालं.

जुन्या फ्लॅशच्या फाइली तशाच चालवून दाखवणारं एक साधन फुकट मिळतं. पानात एक ओळ टाकली की झालं, चहा होईपर्यंत सगळी प्रयोगशाळा पुन्हा उभी राहिली असती, बसवलेल्या उत्तरांसकट. ते मी सरांना सांगितलं नाही. मी सगळं नव्याने लिहायला घेतलं, ब्राउझरच्या स्वतःच्या भाषेत. आता प्लगइन लागत नाही. ब्राउझरच चित्र काढतो, तोच हलवतो, तोच आवाज करतो, आणि फोनवरही तेच पान तसंच उघडतं.

आणि लिहिताना मी एकही खोटी गोष्ट ठेवली नाही. मीटर-ब्रिजची तार टोकांशी जराशी चुकते, तशी चुकू दिली. भिंगाची प्रतिमा एकाच जागी चटकन नेमकी होत नाही, तशी होऊ दिली नाही. लोलकाला हवा परत दिली. कोनाची पट्टी परत दिली, ठळक, गोळ्याच्या अगदी मागे. पानाच्या वर सूचना लिहिली: कोन दहा अंशांपेक्षा लहान ठेवावा. त्याखाली, सरांनी सांगितल्याप्रमाणे, निर्मिती: डॉ. श्याम गावंडे.

सूड घ्यायचा म्हणून कोणी खोटं करतं. मला खरं करावं लागलं. आधीचं खोटं त्यांचं होतं.

काम झालं तसं मी त्यांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोन केला.

"पाहिलं का, सर?"

"पाहिलं! मोबाइलवर काय मस्त दिसते. रंग भारी आहेत."

"एकदा स्वतः करून पाहा. सूचना वाचा. समितीसमोर अडायला नको."

"अरे, मी काय पाहू? लोलकच तर आहे! तीस वर्षं शिकवून राहिलो." मग, "तू येशील ना त्या दिवशी? लॅपटॉपचं काही झालं तर."

"येते, सर."

मी सांगितलं होतं. ऐकणार नाहीत हेही मला माहीत होतं. ज्याने आयुष्यभर रीडिंग बसवलं, तो कधी घेऊन पाहत नाही.

समितीत पाच जण होते. अध्यक्ष नागपूरच्या एक निवृत्त प्राध्यापिका, पांढरे केस, सुती साडी. पुण्याचे एक संगणकवाले गृहस्थ, वयाने बरेच लहान. बाकी तिघं चहाची वाट पाहणारे. मी भिंतीशी खुर्ची घेऊन बसले. देवमनभाऊ दारात उभे होते.

गावंडे सर सुंदर बोलतात. ग्रामीण विद्यार्थी, उपकरणांचा तुटवडा, त्यावर त्यांनी एकट्याने काढलेला मार्ग, हे सगळं त्यांनी छान मांडलं. मग म्हणाले, "आपण एक प्रयोगच करू. गुरुत्वत्वरण. मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, उत्तर नऊशे ऐंशीच्या आसपास येईल." आणि मागच्यांनाही नीट दिसावं म्हणून त्यांनी गोळा धरला आणि लांब ओढला, साठ अंशांपर्यंत.

गोळा सुटला. मोठ्या पडद्यावर तो फार देखणा दिसत होता. आंदोलनं संपली, उत्तर आलं: आठशे बासष्ट.

सर हसले. "पहिलं रीडिंग नेहमी टाकून द्यायचं असतं." त्यांनी पुन्हा केलं. या वेळी घाबरून अजून लांब ओढला. उत्तर आणखी खाली गेलं.

सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "प्रोग्राममध्ये काहीतरी चूक झालेली दिसते," ते म्हणाले.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज मऊ होता, नापास होणाऱ्या मुलाला सावरून घेणाऱ्या परीक्षकासारखा. "कोन किती घेतलात, सर?"

हाच तो प्रश्न. बारावीच्या पोराला विचारतात तो. पट्टी त्यांच्या डोळ्यांसमोर होती, सूचना डोक्यावर होती. पण तीस वर्षांत त्यांना कोन कधी लागलाच नव्हता.

"कोनाचा काय संबंध, मॅडम?" गावंडे सर म्हणाले.

चहाची वाट पाहणाऱ्यांपैकी एकाने मान वर केली.

पुण्याचे गृहस्थ उठून लॅपटॉपपाशी आले. "परवानगी असेल तर," म्हणत त्यांनी पानावर उजवी कळ दाबली आणि मागचा कोड उघडला. फ्लॅशची फाइल बंद डब्यासारखी असायची. आत कोणी काय केलंय ते सहजासहजी दिसत नसे. हे पान मात्र कोणालाही उघडून वाचता येतं. त्यांनी बोट ठेवलं. "इथे तर स्पष्ट आहे. त्वरण काढताना कोनाचं साइन घेतलंय, नुसता कोन नाही. म्हणजे कोन मोठा झाला की वेळ वाढणारच आणि उत्तर कमी येणारच. अगदी बरोबर लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय ना सर हे?"

सरांनी पडद्याकडे पाहिलं. वर त्यांचं नाव होतं. प्रोग्राम चूक म्हटलं तर चूक त्यांची, आणि बरोबर म्हटलं तर मघाचं वाक्य त्यांचं. दोन्ही वाटा बंद झालेल्या त्यांनाही दिसल्या असाव्यात, कारण ते वळले आणि त्यांनी माझ्याकडे हात केला.

"हे या बाईंनी केलंय. पौर्णिमा तायडे. रूपांतर, म्हणजे... खरं सांगायचं तर मूळ प्रयोगही हिनेच केले होते. सगळेच. मी फक्त नाव दिलं."

सगळे माझ्याकडे वळले. एवढी वर्षं मला जे वाक्य ऐकायचं होतं ते त्यांनी पाच साक्षीदारांसमोर उच्चारलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी प्रयोग माझे झाले असते.

पण मला पुढचं दिसत होतं. दुसऱ्याच्या कामावर साहेबाने नाव घालणं हे आपल्याकडे पाप नाही, शिरस्ता आहे. चहा घेताना कोणीतरी हसून म्हणालं असतं, चालायचंच. मग सगळं बोलणं माझ्याकडे वळलं असतं, बाईने ऐन वेळी सरांना अडकवलं, असं. आणि 'कोनाचा काय संबंध' हे त्या गोंधळात विरून गेलं असतं. नाव मला मिळालं असतं, आणि सुटका सरांची झाली असती.

"खरं आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही, मॅडम," मी उभी राहून म्हटलं. "सरांचा मोठेपणा आहे. भौतिकशास्त्र सगळं सरांचं. मी फक्त जुन्यावरून नव्यात उतरवून दिलं."

सरांचं तोंड उघडं राहिलं.

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचं शिक्षण?"

"एम.एस्सी., पदार्थविज्ञान."

त्यांना कळलं, असं मला वाटतं. पण कळलेलं टिपणात लिहिता येत नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "चहा घेऊ या," त्या म्हणाल्या. आमच्या क्षेत्रात नकार याच शब्दांत देतात.

मी लॅपटॉप आवरत होते तेव्हा देवमनभाऊ ट्रे घेऊन आले. "म्याडम, हे एवढ्या वर्साचं पयलंच पायलं मी. सायबाचं रीडिंग बसलं नाई."

"चहा द्या त्यांना आधी."

"देतो. साखर कमी टाकतो," ते गंभीरपणे म्हणाले.

व्हरांड्यात गावंडे सरांनी मला गाठलं. रागावलेले नव्हते. हरवल्यासारखे दिसत होते. पुस्तकी मराठी पूर्ण गळून पडली होती. "मी तर तुह्यं नाव घेतलं होतं ना. सगळ्यायसमोर. तू नाही काहून म्हटलं?"

"प्रोग्राम चूक आहे असं वाटलं तेव्हा घेतलं, सर. बरोबर उत्तर आलं असतं तर घेतलं असतं का?"

उत्तरासाठी मी थांबले नाही. स्टँडजवळ गाडीवर गिला वडा खाल्ला, वरून दही आणि तिखट चटणी मागून घेतली. वाईट वाटेल अशी माझी समजूत होती. वाटलं नाही. अजून एक प्लेट घेतली.

केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. 'कोनाचा काय संबंध' हे वाक्य अकोल्याला माझ्याआधी पोचलं. शिक्षकांच्या खोल्यांत आता कोणी मूर्खपणाचं बोललं की ते म्हणतात आणि हसतात. जुन्या शहरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात एका पोरानं ते म्हणे फळ्यावर लिहून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर सरांचा फोन आला. आवाज खालावला होता.

"पौर्णिमा, त्या पानावरून माह्यं नाव काढ. तुह्यं टाक. मी लेखी देतो."

"मी समितीसमोर नाही म्हटलंय, सर. कोणी पुन्हा विचारलं तर पुन्हा नाहीच म्हणेन."

"मग सगळंच काढून टाकतो."

"टाका."

"प्राचार्य काढू देत नाहीत. पोरं वापरतात. मोबाइलवर चालते म्हणून आता तर यवतमाळ, बुलढाण्याची पोरंही वापरून राहिली. रोज कोणी ना कोणी तो लोलक उघडते. वर माह्यं नाव, अन् खाली तो कोन. मले माहीत आहे ते काय बोलून हसत असतीन."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"किती दिवस चालीन हे?" त्यांनी विचारलं. "ते फ्लॅश कसं, दहा-बारा वर्षांत बंद पडलं. हेही पडीन ना?"

"नाही, सर. ते बाहेरून बसवलेलं होतं. हे ब्राउझरच्या स्वतःच्या भाषेत आहे आणि ती भाषा मोडायची नाही असं ठरलेलं आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची पानं आजही उघडतात." मी सावकाश सांगितलं, म्हणजे नीट समजावं. "तुम्ही रिटायर झाल्यावरही चालेल. आपण दोघं नसू तेव्हाही चालेल. त्याला आता काही करावं लागत नाही."